पाठमोरी आई

गेल्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी विहारात आम्ही मुलांचा अभ्यास घेतो, त्या वेळी सातवीतली एक मुलगी कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेली दिसली. विचारले तर बोलेना. शेवटी तिच्या मैत्रिणीने दप्तरातून एक ड्रॉइंगचा कागद ओढून काढला आणि आमच्या हातात दिला. शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, विषय होता ‘माझी आई’. पोरीने पेन्सिलीने आणि खडूने एक बाई काढली होती. डोक्यावर बोचके, एका हातात कोयता, हिरवी साडी, पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली. बाई आपल्याकडे पाठ करून चाललेली. खाली लाल शाईत शेरा होता, ‘चित्र अपूर्ण. चेहरा काढणे.’

गुरुजींना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्यापुढे साठ कागदांचा गठ्ठा असतो आणि ‘माझी आई’ म्हटल्यावर हसऱ्या तोंडाची, कपाळाला टिकली लावलेली बाई त्यांना अपेक्षित असते. खरे सांगायचे तर आम्हीही त्याच चुकीचे भागीदार आहोत. आम्हीसुद्धा त्या मुलीला म्हणालो, “बाळ, आईचं तोंड काढायचं राहिलं बघ. काढ की.” त्यावर ती जे बोलली ते ऐकून आम्ही गप्प झालो.

“काका, आई दरवर्षी जाती तवा मला पाठमोरीच दिसती. आणि तोंड काढाया गेले की आजीचंच तोंड येतंय.”

आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानाची ज्वारी सगळीकडे प्रसिद्ध आहे. पण ज्यांच्या नावावर ते रान नाही त्यांना दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन टोळीबरोबर निघावे लागते. मुले म्हाताऱ्या माणसांजवळ राहतात. या मुलीचे आईवडील तेव्हा दोन महिन्यांपासून कर्नाटकाच्या बाजूला उसाच्या फडावर होते. आजी तिला जेवू घालत होती, आजीच वेणी घालत होती. तेव्हा कागदावर आजीचा चेहरा उमटला तर नवल ते काय?

आम्ही बी.कॉम. झालेले माणूस. कचेरीत जमाखर्च बघायचा आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम करायचे, एवढीच आमची धाव. चित्रकलेतले आम्हाला फार कळते असा दावा नाही. परंतु त्या पोरीचे बोलणे ऐकल्यावर आम्हाला एका चित्रकाराची आठवण झाली. तो जगभर गाजला, त्याच्या चित्रांना कोटींच्या कोटी किमती आल्या, आणि त्यानेही आयुष्यभर बिनचेहऱ्याची आई काढली. विशेष म्हणजे तो आपल्या मंगळवेढ्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर जन्मला होता. मकबूल फिदा हुसेन हे त्याचे नाव. जन्म पंढरपूर, 17 सप्टेंबर 1915.

मागे एकदा पंढरपूरच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत असताना आम्ही सहज दोन-तीन जणांना विचारले होते, हुसेन चित्रकार इथलेच ना? एकाने विचारले, “कोण हुसेन?” दुसरा म्हणाला, “ते घोडेवाले? ते तर मुंबईचे.” घोडेवाले म्हणजे घोड्यांची चित्रे काढणारे. असो.

हुसेन यांच्या आईचे नाव झैनब. मुलगा अवघा दीड वर्षाचा असताना ती वारली. दीड वर्षाच्या लेकराला काय आठवणार? चेहरा नाही, आवाज नाही. पाठीमागे एखादा फोटो असता तर गोष्ट निराळी होती, पण तिचा फोटोसुद्धा नव्हता. हुसेन हे पुढे म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. आईविषयी त्यांच्या हाती राहिले ते इतकेच, की ती मराठी बायकांसारखे नऊवारी लुगडे नेसत असे. मुसलमानाच्या घरातली ही माउली पंढरपूरच्या चालीरीतीप्रमाणे लुगडे नेसत होती, हे वाचून आमच्या काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पण आपल्या खेड्यापाड्यांत कोण काय नेसते हे ऊन, काम आणि बाजारातल्या कापडावर ठरत आले आहे, धर्मावर कमी.

ज्या गावात सगळ्यांच्या तोंडी उठता-बसता ‘माउली’ हा शब्द असतो, जिथे देवालाच आई म्हणतात, त्या गावातले हे लेकरू आईविना राहिले. (ती माउली आपल्या चोखोबाला मात्र देवळाच्या आत घेत नव्हती. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले तेव्हा कुठे ते दार उघडले. ज्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली तेच हे गुरुजी.)

वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब इंदूरला गेले. मुलाचा जीव आजोबांवर होता. आजोबा दिवे-कंदील तयार करणारे, दुरुस्त करणारे कारागीर. हुसेन यांच्या चित्रांत कंदील पुन्हा पुन्हा दिसतो, तो तिथून आला. म्हणजे बघा, आजोबांचा कंदील चित्रात जसाच्या तसा येतो, कारण तो डोळ्यांनी पाहिलेला होता. आई येते ती फक्त लुगड्याच्या रूपाने.

पुढे हा तरुण मुंबईला आला. मुंबईत त्याचे कोणी नव्हते. फुटपाथवर झोपला, मिळेल ते खाल्ले आणि सिनेमाची मोठमोठी बोर्डे रंगवू लागला. आपल्यापैकी ज्यांनी गिरणीच्या दिवसांतली मुंबई पाहिली आहे त्यांना ही बोर्डे आठवत असतील. थिएटरच्या माथ्यावर दोन-दोन मजले उंचीचा नट आणि नटी. बांबूच्या परातीवर उभे राहून हाताएवढ्या ब्रशाने ती रंगवायची. मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने, काही आणे. दिवसभर याचे काम काय, तर चेहरे काढणे! नटीचा डोळा सहा फूट, ओठ चार फूट. रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून ओळखू आली पाहिजे, नाहीतर मालक पैसे कापणार. जो माणूस पोटासाठी इतके चेहरे काढत होता त्याला स्वतःच्या आईचा चेहरा काढता येत नव्हता. ही गोष्ट आम्हाला त्यांच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

1947 साली मुंबईत काही तरुण चित्रकारांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. गोव्याकडचे सूझा, मध्य प्रांतातले रझा, गाडे, बाकरे, आरा आणि हुसेन. यातल्या कृष्णाजी आरा यांच्याविषयी एक शब्द लिहिल्यावाचून आम्हाला पुढे जाववत नाही. आरा यांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. सातव्या वर्षी घरातून पळून ते मुंबईला आले, लोकांच्या मोटारी पुसून पोट भरले आणि त्यातून चित्रकार झाले. एकाच गटात दोन पोरकी मुले! या मंडळींकडे ना घराणे होते ना पैसा. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली गोड गुळगुळीत चित्रे त्यांना नको होती. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत प्राचीन भारतीय शिल्पांचे मोठे प्रदर्शन भरले. मथुरेची आणि गुप्तकाळातली दगडी शिल्पे तिथे हुसेन यांनी डोळे भरून पाहिली आणि बाईचे शरीर कसे उभे करावे हे त्यांना त्या दगडांनी शिकवले, असे जाणकार सांगतात. त्यांच्या चित्रांतली बाई नाजूक नाही. तिचे पाय जमिनीत रोवलेले असतात.

त्यानंतर बराच काळ गेला. 1979 साली मदर तेरेसा यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. दूर युरोपात स्कोप्जे गावी 1910 मध्ये जन्मलेली ही बाई कलकत्त्याला येऊन रस्त्यावर टाकून दिलेली लेकरे उचलत होती. साधारण त्याच सुमारास हुसेन यांनी तिची चित्रे काढायला सुरुवात केली आणि मग वर्षानुवर्षे काढतच राहिले. एक-दोन नव्हे, मोठी मालिकाच झाली. ही चित्रे ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो.

पांढरी साडी, तिला निळा काठ. साडीची घडी डोक्यावरून खाली उतरते आणि मांडीवर पसरते. त्या मांडीवर एक लेकरू, कधी झोपलेले, कधी आजारी, कधी गतप्राण वाटावे असे. साडीतून हात बाहेर येतात, एका बाईचे दोनच असावेत असे नाही, तीन-चार हातसुद्धा येतात. आणि जिथे चेहरा असायला हवा तिथे काळोख. डोळे नाहीत, नाक नाही, काहीच नाही. पदराच्या आत नुसता अंधार.

मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या आईची ही बैठक ख्रिस्ती लोकांच्या एका फार जुन्या शिल्पावरून आली आहे. रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये मायकेलअँजेलोने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी संगमरवरात घडवलेली मेरी आहे. क्रुसावरून उतरवलेला जवान मुलगा तिच्या मांडीवर आहे. हुसेन यांनी ती बैठक घेतली, साडी कलकत्त्याची घेतली आणि आत पंढरपूरची रिकामी जागा ठेवली.

का ठेवली? त्यांनी स्वतःच हे निरनिराळ्या वेळी सांगितले आहे, की आपण आपल्या न आठवणाऱ्या आईला शोधतो आहोत. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चेहरा काढला की ती कोणातरी एकीची आई होते. चेहरा काढला नाही तर ज्याला आई नाही असा कोणीही पोर तिथे आपली आई बसवू शकतो. चित्रकाराला हे आधीपासून ठाऊक होते, की काढता काढता कळले, कोण जाणे. आम्हाला तर त्या सातवीतल्या पोरीने सांगेपर्यंत कळले नव्हते.

दुसऱ्या रविवारी आम्ही एका जुन्या मासिकातून कापून ठेवलेले त्या मालिकेतले एक चित्र विहारात नेले. मुलांच्यात ते फिरले. पहिल्यांदा कोणी काही बोलले नाही. मग पाचवीतला एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, “काका, ह्या बाईला पण तोंड न्हाय. ह्यांचं पण चित्र अपूर्ण हाय का?” सगळी मुले हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने ते चित्र दोन्ही हातांत धरले, बराच वेळ बघितले आणि विचारले, “ह्यांची आई पण फडावर जात हुती का?”

आम्ही तिला खरे ते सांगितले. त्यांची आई वारली होती, तुझी आई परत येणार आहे, हा फरक फार मोठा आहे.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. कार्यकर्ते म्हणून आम्हाला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमांना नेहमी जावे लागते, पुष्कळदा सूत्रसंचालनही आमच्याकडेच असते. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी घरात एकच धावपळ असते, फोटो! तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची प्रतिमा आहे, पण जी बाई गेली तिचा फोटो कुठे आहे? पेटी उपसली जाते. लग्नाच्या फोटोत ती मागच्या रांगेत, अर्धे तोंड पदराआड, अर्ध्यावर नवरदेवाच्या मुंडावळ्या. मग कोणाला तरी सुचते, मतदानाचे कार्ड! नव्वदच्या दशकात शेषन साहेबांनी फोटोचे ओळखपत्र आणले, त्यामुळे आपल्या कितीतरी आया-आज्यांचा जन्मातला पहिला एकट्याचा फोटो निघाला. निवडणूक आयोगाला कल्पनाही नसेल, की त्याने केवढे पुण्याचे काम केले आहे. नखाएवढा काळपट फोटो. डोळे एकतर मिटलेले नाहीतर भेदरलेले, कारण तिला वाटत होते कचेरीत काहीतरी चुकले तर नाव कापतील. तो स्टुडिओत नेऊन मोठा करायचा, मागे निळा पडदा घालायचा आणि हार चढवायचा. ज्या बाईने आयुष्यभर खुरपे चालवले ती आपल्या भिंतीवर भेदरलेल्या डोळ्यांनी कायमची लटकते.

आमच्या स्वतःच्या आईचेही तेच झाले. निराधार योजनेच्या पासबुकावरचा फोटो आम्ही मोठा करून घेतला. त्यावर कचेरीचा गोल शिक्का अर्धा उमटलेला होता, तो स्टुडिओवाल्याने पुसला, आणि पुसताना गालावरचा तीळही गेला. आमची धाकटी बहीण घरी आली, की त्या फोटोकडे न बघता आत जाते. ती म्हणते, “ही आई न्हाय.” ती माडीवरच्या पेटीतले आईचे जुने जोडाचे लुगडे काढते आणि त्याचा वास घेते. आम्हाला पूर्वी ते वेडेपणाचे वाटायचे. हुसेन यांनी जन्मभर दुसरे काय केले?

आपल्या समाजाला तर ही गोष्ट नवीन नसावी. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली, महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. बाबासाहेब पाच वर्षांचे होते तेव्हा साताऱ्याला भीमाबाईंचे निधन झाले, मीराआत्याने लेकरांना सांभाळले. वडिलांनी पुढे दुसरे लग्न केले. त्या नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून लहानग्या भीमाला फार राग येत असे, असे त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. हा प्रसंग आम्ही जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थबकतो. पुढे ज्याने देशाची घटना लिहिली त्या महापुरुषाला आई आठवत होती ती तिच्या दागिन्यांवरून. दुसऱ्या कोणी ते घालू नयेत, एवढाच त्या पोराचा हट्ट.

मागे आमच्या मंडळाने अजिंठ्याची सहल काढली होती. सतरा नंबरच्या लेणीत भिंतीवर एक चित्र आहे. बुद्ध भिक्षापात्र हातात घेऊन दाराशी उभे आहेत, खूप उंच काढलेले. समोर यशोधरा आणि छोटा राहुल, दोघेही मान वर करून बघत आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे चित्र. गाइड बुद्धाच्या उंचीविषयी बोलत होता. आमच्याबरोबरच्या एका आजीबाई मात्र बॅटरीच्या उजेडात खालच्या कोपऱ्याकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पोराला म्होरं करतीया, पण हात न्हाय सोडत बया.” चित्र बघायला शिकवावे लागते असे म्हणतात. त्या आजीबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या.

हुसेन यांना चित्राच्या फ्रेमीत आई मावली नाही तेव्हा त्यांनी सिनेमाही काढून पाहिला. 2000 साली ‘गजगामिनी’ आला. माधुरी दीक्षितला घेऊन काढलेला हा चित्रपट अनेकांच्या डोक्यावरून गेला, आमच्याही गेला. पडद्यावर काय चालले आहे हे धड कळत नव्हते. पण डोक्यावर गाठोडे घेऊन चाललेली बाई त्यात पुन्हा पुन्हा येते, तेवढी लक्षात राहिली. नटीच्या नादाने म्हातारा वेडा झाला असे तेव्हा लोक हसून म्हणत. आम्हीही हसलो होतो. आता त्या पोरीच्या चित्रातले बोचके पाहिल्यावर ते हसणे आम्हाला आठवते आणि ओशाळल्यासारखे होते.

याचा अर्थ हुसेन यांचे सगळेच आम्हाला मान्य आहे असा नाही. 1975 मध्ये आणीबाणी आली तेव्हा त्यांनी इंदिराबाईंना दुर्गेच्या रूपात रंगवले. लोक तुरुंगात होते आणि कलावंत सत्तेची देवी करत होता, हे आम्हाला कधीच पटले नाही. दुसरेही एक खटकते. ज्या कष्टकरी बायकांवरून चित्रे निघाली, त्या बायकांना ती कधी बघायला मिळाली का? त्यांचे 1954 सालचे ‘ग्रामयात्रा’ नावाचे जवळजवळ चौदा फूट लांबीचे चित्र आहे. त्यात खेड्यातले तेरा प्रसंग आहेत, स्वयंपाक करणाऱ्या, लेकरे सांभाळणाऱ्या बायका आहेत. ते चित्र एका परदेशी डॉक्टरने तेव्हाच विकत घेतले आणि पुढे नॉर्वेतल्या एका इस्पितळाला दिले. अनेक दशके ते तिथे होते. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे 118 कोटी रुपये आले. आम्ही सवयीप्रमाणे कागदावर आकडा मांडून पाहिला, 118 वर सात शून्ये. मिळालेला पैसा डॉक्टरांच्या शिक्षणासाठी वापरायचा असे ठरले, हे त्यातल्या त्यात बरे.

आणि त्यांचा शेवट कसा झाला? 1996 पासून त्यांच्या देवदेवतांच्या चित्रांवरून वादळ उठले, घरावर आणि प्रदर्शनांवर हल्ले झाले, गावोगावच्या कोर्टांत खटले पडले. 2006 मध्ये देशाचा नकाशा बाईच्या उघड्या शरीराच्या रूपात काढलेल्या एका चित्रावरून प्रकरण टोकाला गेले. ते चित्र ‘भारतमाता’ या नावाने लिलावात आले होते. पुन्हा आईच! कोणाच्या भावना खरोखर दुखावल्या असतील तर त्यांनी टीका करावी, लेख लिहावा, प्रदर्शनाला जाऊ नये. परंतु नव्वदी गाठलेल्या माणसाला घर सोडायला लावणे ही कुठली संस्कृती? 2008 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे ते खटले रद्द केले. तोपर्यंत ते देशाबाहेर गेले होते. ज्याला सरकारने राज्यसभेवर घेतले, पद्मविभूषण दिले, तो माणूस 2010 मध्ये कतारचा नागरिक झाला आणि 9 जून 2011 रोजी लंडनला वारला. पुरलाही तिकडेच. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले मोठे कवी 1964 साली गेले, तेव्हापासून हुसेन यांनी पायात चप्पल घालणे सोडले होते. अनवाणी चालणाऱ्या या माणसाच्या पायांना शेवटी पंढरपूरची माती लागली नाही.

आता दोह्यात त्यांच्या चित्रांचे मोठे संग्रहालय झाले आहे. पंढरपूरच्या एखाद्या चौकाला किंवा शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीला त्यांचे नाव देण्याची सूचना आम्ही दोन-तीन ठिकाणी बोलून पाहिली. लोक इकडेतिकडे बघतात आणि विषय बदलतात.

नागपूरचे सावी सावरकर हेही आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावेत असे चित्रकार आहेत. देवदासी आणि अस्पृश्यतेचे चटके हा त्यांच्या चित्रांचा विषय. त्यांच्याविषयी पुढे केव्हातरी सवडीने लिहू.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. शाळेत तिचा नंबर आला नाही. आम्ही गुरुजींना भेटायला जाणार होतो, पण तिनेच नको म्हटले. चित्र तिने घरात भिंतीला गव्हाच्या चिकीने चिकटवले. बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी जागा नव्हती, म्हणून चुलीच्या वरच्या बाजूला. तीन-चार महिन्यांत धुराने त्याची हिरवी साडी करडी झाली.

एप्रिलमध्ये जयंतीला चार दिवस असताना टोळी परत आली. वर्गणीच्या पावत्या घेऊन आम्ही त्यांच्या दारात गेलो, तेव्हा तिची आई बोचकी सोडत होती. उन्हाने चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, दोन्ही हातांना उसाच्या पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा. मुलगी तिच्या अंगाला चिकटून उभी होती आणि तिच्या तोंडाकडेच बघत होती. आम्ही म्हणालो, “पोरीनं तुमचं चित्र काढलंय, बघितलं का?”

“न्हाय वं दादा, कुठाय?”

आजीने चुलीकडे बोट दाखवले. ती उठली, पदराने काचेवरची पुसावी तशी कागदावरची धूळ झटकली आणि वाकून बघू लागली. आम्हाला वाटले, आता विचारील, माझे तोंड का काढले नाहीस? लेकही तेच ऐकायच्या तयारीत असावी, कारण ती एक पाऊल मागे सरकली.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “साडी तीच काढलीस की गं, जाताना नेसलेली. पर बोचक्याखाली चुंबळ कुठाय? चुंबळ नसली तर डोकं किती दुखतंय माहिती हाय का?”

पोरगी पळत जाऊन दप्तरातून पेन्सिल घेऊन आली.